बटणवाल्याचा श्वास

आमच्या घरात खून सकाळच्या चहाबरोबर व्हायचे. सासूबाई बिस्किट कपात बुडवायच्या आणि विचारायच्या, "ह्याला जिन्यावरून ढकलावं की उशीनं गुदमरवावं?" बिस्किट मऊ पडून कपात बुडायच्या आत त्यांचं ठरलेलंही असायचं. जन्मभर त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. इतक्या साक्षी आणि जबाब बोटांखालून गेल्यावर माणूस निवृत्त झाला तरी बोटं होत नाहीत. त्यामुळे त्यांचे धाकटे चिरंजीव, म्हणजे माझे दीर, घरीच कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला बसले, तेव्हा गोष्ट लिहायला माणूस बाहेरून आणावा लागला नाही. चित्रं काढायला मी होतेच. आमच्या ह्यांची नोकरी हवामान खात्यात. ते पहाटेच वारा मोजायला निघून जायचे आणि मागे आम्ही तिघं माणसं मारत बसायचो.

आता मी ओट्यावरची मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करणारी. सुरुवातीला मला हे जडच गेलं. सासूबाईंनी तोडगा काढला. "खून मी करते, चित्र तू काढ, आणि पाप धाकट्याला लागू दे. पडद्यावर पहिलं नाव त्याचंच यायचंय."

खेळ जुन्या पद्धतीचा होता, भावजींच्या लहानपणी असायचे तसा. मोठमोठे ठिपके, मोजके सोळा रंग, आणि पडद्याच्या तळाशी चार शब्द: बघ, घे, बोल, वापर. आधी शब्दावर टिचकी मारायची, मग चित्रातल्या माणसावर नाहीतर वस्तूवर. डोंगरावरचं एक हॉटेल, बाहेर बर्फ, रस्ते बंद, आणि पुस्तकांच्या खोलीत गालिच्यावर मरून पडलेला एक बटणांचा व्यापारी. त्याला आम्ही बटणवाला म्हणायचो. खेळणारी व्यक्ती म्हणजे तपासाला आलेली इन्स्पेक्टर बाई. संशयित चार: स्वयंपाकीण, डॉक्टर, बटणवाल्याचा पुतण्या आणि माळी. खुनी माळी. सासूबाईंना माळ्यांचं काय वावडं होतं देव जाणे. आमच्या गॅलरीत तर एकच कुंडी होती, आणि तीही रिकामी.

जुन्या खेळांत पडद्याच्या तळाशी असे चार शब्द असायचेच, पण भावजींना ते आठवले आमच्या स्वयंपाकघरातल्या पुठ्ठ्यावरून. त्याचं असं झालं. माझा एक नेम आहे. उठल्यापासून गिरणीचा बाराचा भोंगा होईपर्यंत मी बोलत नाही. लिहूनही सांगत नाही, कारण ते मागच्या दारानं बोलणंच झालं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई माझ्या खाणाखुणांना लवकरच विटल्या. मी दूध उतू जातंय म्हणून हात हलवायचे आणि त्या छत्री घेऊन यायच्या. शेवटी त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर ठळक अक्षरांत चार शब्द चिकटवले आणि खिळ्याला टांगला: बघा, घ्या, द्या, थांबा. मी नुसतं बोट ठेवायचं. बोट ठेवायला देवाची हरकत नाही, हेही त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं. एवढ्या वर्षांत त्या चार शब्दांत भागलं नाही, असं फारसं काही झालं नाही.

माझ्या कामाचीही एक रीत आहे. माणूस काढून पुरा झाला, कोटाच्या गुंड्या झाल्या, बुटांची चमक झाली, की सगळ्यात शेवटी त्याच्यात श्वास घालायचा. म्हणजे तेच चित्र पुन्हा काढायचं, फक्त छातीपाशी एक ठिपका वर सरकवून. दोन्ही चित्रं आळीपाळीनं दिसली की माणूस उभ्या उभ्या श्वास घेतो. त्याआधी मी क्षणभर डोळे मिटते आणि त्याचं बरं चिंतते. माळ्याचंही चिंतलं होतं. हॉटेलच्या मांजराचं तर दोनदा.

भावजी आधी बँकेत काउंटरवर बसायचे. साहेब भले म्हणून वर्षभराची रजा मिळाली होती. ती आता संपत आली होती, आणि खुर्ची येत्या सोमवारपर्यंतच राखून ठेवतो, असा त्यांचा निरोप होता. खेळ कुणी छापायला घेतला (भावजी बाजारात आणण्याला छापणंच म्हणायचे) तर राजीनामा, नाहीतर सोमवारपासून परत शिक्के. शिक्क्यांच्या दिवसांत भावजी जेवताना एक अक्षर बोलत नसत. गप्प मीही असायचे, पण माझ्या गप्प बसण्यात आणि त्यांच्यात फरक होता, आणि तो सासूबाईंना बिनचष्म्याचाही दिसायचा. म्हणून तर त्या एवढ्या जिद्दीनं माणसं मारत होत्या.

खेळ पारखायला खेळ छापणाऱ्या एका कंपनीच्या बाई शुक्रवारी दुपारी येणार होत्या. आल्या सकाळीच.

दार भावजींनी उघडलं. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर साबण.

"आधीची गाडी मिळाली," बाई म्हणाल्या. उंच, करड्या स्कार्फच्या, आणि गालात पेपरमिंटची गोळी. "चालेल ना? की नंतर येऊ?"

"चालेल की," भावजी म्हणाले आणि त्या साबणासकट त्यांना आत घेऊन आले.

बाईंनी पडद्यावर हॉटेलचा दरवाजा बघितला, वरून पडणारं बर्फ बघितलं. "चित्रं तुमची?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "सोळा रंगांत एवढी थंडी कुणी घातलेली मी बघितली नव्हती." मी नुसती हसले.

"ताई बोलत नाहीत का?"

"बोलते," सासूबाई म्हणाल्या. "बारा वाजल्यावर. तेव्हा सगळी कसर भरून काढते."

बाई खेळायला बसल्या आणि आम्ही तिघं मागे, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसे. त्या झरझर खेळत होत्या. दिवाणखान्यातली किल्ली त्यांनी पहिल्या फटक्यात शोधली. मांजराशी तीन वेळा बोलल्या आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं तेव्हा हसल्या. सासूबाईंनी मला कोपरखळी मारली. मांजराची उत्तरं त्यांचीच. मग बाई पुस्तकांच्या खोलीत शिरल्या. टेबलाआड गालिच्यावर बटणवाला पडलेला: बूट, अर्धी छाती, आणि सांडलेली रंगीत बटणं. बाईंचा हात थांबला. पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"हा श्वास घेतोय," त्या म्हणाल्या.

आम्ही पुढे वाकलो. बटणवाल्याच्या छातीवरचा एक ठिपका वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. अगदी संथ, दुपारची झोप लागल्यासारखा.

माझंच काम, माझाच हात. त्याचे बूट पुरे झाले, डोळे मिटले, बरं चिंतलं आणि सवयीनं श्वास घालून मोकळी झाले. तो मेलेला आहे हे त्या घडीला मनात आलंच नसणार. पुढे रोज तो पडद्यावर दिसायचा आणि मला त्यात काही खटकलंही नाही. माणूस म्हटल्यावर श्वास घेणारच.

"हो, म्हणजे, ते मुद्दाम आहे," भावजी म्हणाले. "धागा आहे तो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कोर्टात ऐनवेळी फिरलेल्या साक्षीदाराकडे बघत असतील तसं.

"मुद्दाम?" बाई खुर्चीत सरसावल्या. "मग मी बोलूनच बघते ह्याच्याशी." त्यांनी 'बोल'वर टिचकी मारली, मग बटणवाल्यावर. पडद्यावर ओळ आली: मेलेली माणसं बोलत नाहीत. निदान जेवणाआधी तरी नाही.

ही ओळ सासूबाईंनी मला चिडवायला लिहिलेली. बाई खदखदून हसल्या, मग काही क्षण नुसत्याच त्या ओळीकडे बघत राहिल्या. आणि तिथून पुढे त्यांनी जो खेळ केला तो आमचा नव्हताच. दिसेल त्याचा अर्थ त्या एकच लावत होत्या: बटणवाला जिवंत आहे आणि मेल्याचं सोंग करतोय.

"डॉक्टर म्हणतो मेला, पण नाडीला हात लावलाच नाही त्यानं. सामील आहे." डॉक्टरनं नाडी बघितली नव्हती, कारण मला एकात एक गुंतलेले हात काढता येत नाहीत. "स्वयंपाकीण झाकलेलं ताट घेऊन ह्या बाजूला कशाला येते? ह्याला जेवण पोचवतेय." ताट मांजराचं होतं. "पुतण्या रडतोय आणि डोळ्यांत टिपूस नाही. ह्यालाही ठाऊक आहे." सोळा रंगांतली आसवांच्या निळ्याची जागा मी बर्फाला देऊन टाकली होती.

माझी एकेक उणीव त्या वेचत होत्या आणि ओंजळीत धरून कौतुकानं बघत होत्या. अर्ध्यावर आल्यावर त्या उठल्या. "जरा पाय मोकळे करून येते. कोपऱ्यावर बेकरी दिसली मघाशी. मला काही सांगू नका हं, माझं मला शोधू द्या."

दार लागलं आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "हा श्वास आला कुठून?"

मी छातीवर हात ठेवला.

"तुमचा?"

मी मान खाली घातली.

"कमाल आहे," सासूबाई म्हणाल्या. "मेलेला माणूस घरात एवढे दिवस श्वास घेतोय आणि कुणाला पत्ता नाही. मला चष्मा लागतो. तुला काय लागतं रे धाकट्या?"

"मी कोड बघतो, आई. चित्रं कोण बघतं."

"आणि ते मुद्दाम-बिद्दाम काय लावलं होतंस?"

"तोंडातून निघून गेलं. वहिनींना बोलता येत नव्हतं, कुणीतरी काहीतरी बोलायला नको?" भावजी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. "ऐका. त्या यायच्या आत शेवट बदलू. बटणवाला उठून बसतो. वहिनी, नवीन नका काढू, डॉक्टरचं बसलेलं धड आहे, त्यावर बटणवाल्याचं डोकं बसवा—"

"आणि माझा माळी?" सासूबाई म्हणाल्या. "बागेतल्या कात्रीपासून बुटाच्या चिखलापर्यंत सगळा पुरावा त्याच्या नावावर आहे. त्याचं काय करायचं?"

"खूनच झाला नाही म्हटल्यावर सुटला तो."

"माझ्या खुनाला हात लावायचा नाही."

"मग दुसरं. श्वासाचं चित्र पुसून टाकतो. एका ओळीचं काम. त्या आल्या की म्हणायचं, तुम्हाला भास झाला."

"पेपरमिंट खाऊन भास होत नाहीत कुणाला."

"आई, सोमवार आलाय गं." एका गालावरचा साबण वाळून पापुद्रे धरायला लागला होता, आणि त्या सोंगातही मला जेवणाच्या ताटाकडे बघत बसणारे शिक्क्यांचे भावजी दिसले. चूक माझी. तोंड उघडण्याची मुभा असती तर बाईंना तिथल्या तिथे सांगितलं असतं. आणि नव्हती म्हणून त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं. आता त्या खोट्यावर इमला चढवायचा, तोही माझ्याच हातानं.

मी स्वयंपाकघरात गेले, खिळ्यावरून पुठ्ठा काढून आणला आणि 'थांबा'वर बोट ठेवलं.

"थांबून काय होणार, वहिनी?"

मी पुन्हा बोट ठेवलं.

"सोमवार थांबणार आहे का?"

मग मी तो पुठ्ठाच त्यांच्या कीबोर्डवर ठेवला आणि वर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. भावजींनी एकदा पुठ्ठ्याकडे बघितलं, एकदा आईकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तिनं 'थांबा' म्हटलं आणि मी थांबले नाही, असं एकदाच झालं. तेव्हा कुकरचं झाकण छताला लागलं होतं."

बाई हातात पावाची पिशवी घेऊन परतल्या. चेहऱ्यावरून वाटलं, बेकरीतही त्या आमच्याच हॉटेलात होत्या. बसल्या आणि पुढे खेळायला लागल्या. गच्ची झाली, तळघर झालं, कात्री सापडली, बुटांचा चिखल सापडला. चिखल बघून त्यांनी नाक मुरडलं. त्यांच्या बेतात तो बसेना. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: खुनी कोण? खाली चार चेहरे, चौघंही श्वास घेत असलेले.

"कुणीच नाही, असं कुठे म्हणायचं?" बाईंनी मागे वळून विचारलं. "पाचवी जागा दिसत नाही ती?"

भावजींनी तोंड उघडलं. त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला.

दिवसाचं पहिलं वाक्य चांगलं असावं असं मला वाटतं. म्हणून ते बहुतेक 'जेवायला चला' हेच असतं. त्या दिवशी म्हटलं, "बाई, तो मेलेलाच आहे."

भोंग्याचा शेवट अजून हवेत होता. मी आवाज न चढवता सांगून टाकलं. "माणूस काढला की त्यात श्वास घालायची मला सवय आहे. ह्याच्यातही घातला गेला. धागा नाही काही. भावजी मला सांभाळून घ्यायला बोलले. डॉक्टरनं नाडी बघितली नाही ती मला हात जमत नाहीत म्हणून, आणि पुतण्याला आसवं नाहीत ती रंग पुरला नाही म्हणून. खुनी माळी आहे."

"झालं," सासूबाई पुटपुटल्या. "कसर भरून निघाली."

भावजी खाली मान घालून गालावरचा वाळका साबण खरवडत बसले. बाईंनी पेपरमिंट कडकडून चावली.

"श्वास चुकून आलाय हे मला 'बोल' म्हटल्यावरच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी मांजराला तीन उत्तरं लिहिली, ते जिवंत माणसाला एका ओळीत वाटेला लावणार नाहीत."

"मग इतका वेळ—" भावजी म्हणाले.

"इतका वेळ मला वाटत होतं, चूक नसती तर किती बरं झालं असतं." त्यांनी पावाची पिशवी टेबलावर ठेवली. तिला हात लागलेला नव्हता. "मी कामासाठी रोज असले खेळ खेळते. प्रेतं बघून बघून डोळे मेले माझे. प्रेत म्हणजे एक वस्तू, किल्लीसारखी, बरणीसारखी. आज पहिल्यांदा बेकरीच्या बाकावर बसून मला काळजी लागून राहिली की तो गालिच्यावर पडलाय, त्याला थंडी वाजत असेल. पाव खायचा राहिला." मग भावजींना म्हणाल्या, "खोटं बोलायला तुम्हाला अजिबात जमत नाही. सराव करू नका."

"नाही करणार."

"खेळ मला हवाय. पण बटणवाला जिवंत हवा. नीट, गोष्टीतूनच. ठिगळ लावून नको. वेळ घ्या हवा तेवढा."

सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "म्हणजे खून नाही?"

"खून हवाच, काकू. खुनाशिवाय कोण विकत घेणार? फक्त ह्याचा नको."

सासूबाईंनी बशीतलं बिस्किट उचललं. समोर चहा नव्हता, म्हणून ते नुसतंच हवेत धरून राहिल्या. ते तोंडात जायच्या आत त्यांचं ठरलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ज्याला नाडी बघता येत नाही तो जगून तरी काय करणार?"

"आणि मारतो कोण?"

"माळीच. त्यात बदल नाही. चिखल वाया घालवायची मी नाही."

बाई हसल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला आणि मी पाणी आणून दिलं. जेवायला थांबा म्हटलं तर थांबल्याही. निघताना दारात त्यांनी भावजींना सांगितलं, "सोमवारी सकाळी कंपनीत या, सह्या करून टाकू."

"सोमवारी सकाळी मला बँकेत जायचंय," भावजी म्हणाले.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागलो.

"राजीनामा द्यायला," ते घाईघाईनं म्हणाले. "दुपारी येतो."

"त्याआधी तो दुसरा गाल करून घे," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर अर्धाच राजीनामा घेतील."

त्या दिवशी जेवताना भावजी इतकं बोलले की संध्याकाळी ह्यांनी घरी येऊन विचारलं, आवाज का बसलाय ह्याचा.

डॉक्टरचं प्रेत काढायला मला बरेच दिवस लागले. पालथा पडलेला, एक हात डोक्यापाशी. हात एकटाच असला की जमतो. बूट झाले, गुंड्या झाल्या, आणि मी रीतीप्रमाणे डोळे मिटून त्याचं बरं चिंतलं. मेलेल्याचंही चिंतावंच, उलट जास्त. मग बोट आपोआप दुसऱ्या चित्राकडे निघालं आणि मी ते धरून ठेवलं, कढईतल्या कढत तेलाकडे जाणारा लेकराचा हात धरतात तसं. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. म्हणून त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या फुलाला एक पाकळी जास्त काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चष्मा लावून पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकल्या आणि डॉक्टरच्या पाठीकडे टक लावून बघत राहिल्या. चहा निवत होता.

"सूनबाई, नक्की मेलाय ना हा?"

बाराला अजून खूप अवकाश होता. मी पुठ्ठा पुढे धरला आणि 'बघा'वर बोट ठेवलं.